मिस्त्रींचं इंग्रजी सेंट्रिंग

इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी कुणीतरी जमिनीवर आणतंच. मला सोपान मिस्त्रींनी आणलं, आणि तेही फाट्यावरच्या सलूनमध्ये, माझ्या अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना.

सुप्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की ते गाव लागतं. तिथल्या माध्यमिक शाळेत मी नुकताच लागलो होतो. मी मूळचा श्रीरामपूरचा, म्हणजे पाटाच्या पाण्याचा माणूस. पारनेरच्या कोरड्या माळावर आपण ज्ञानाचा पाट घेऊन आलोय, असा एक गोड गैरसमज तेव्हा मनात होता. गावात मला सगळे ‘इंग्लिशचे सर’ म्हणायचे आणि ते ऐकून माझी मान आपोआप ताठ व्हायची.

त्या सकाळी सलूनच्या बाकावर साठी उलटलेला एक माणूस इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसला होता. सुप्याच्या एका कंपनीच्या गेटवरून तो पेपर एक दिवस शिळा होऊन सलूनमध्ये यायचा, आणि वस्तरा पुसायला फाडायच्या आधी हा एकटा माणूस तो वाचायचा. अंगात पांढरा सदरा, पायजमा आणि कानावर सुतारकामाची चपटी पेन्सिल. त्याने एका मथळ्याखाली रेघ मारली आणि पेपर माझ्यापुढे धरला.

“सर, तुमी इंग्लिशचं न्हवं? मग सांगा, ही बँक कुठल्या अंगाला पडती?”

मथळ्यात सरकार कुठल्याशा बँकेला ‘शोअर अप’ करणार असल्याची बातमी होती. मी साबणातून हसलो आणि म्हणालो, “शोअर अप म्हणजे बळकट करणं, आधार देणं.”

“त्यो झाला अर्थ. अर्थ मला ठावं हाय. मी इचारतो, पडती कुठल्या अंगाला? पडत नसंल तर शोअर कशाला लावत्याल? शोअर म्हंजी तिरपा टेकू. उभा असतो त्यो प्रॉप. भिंत जिकडं कलती तिकडून शोअर लावायचा. उलट्या अंगानं लावला तर भिंत दुपारची पडायची ती सकाळीच पडंल.”

सलूनवाल्याचा हात थांबला. बी.ए.पासून एम.ए.पर्यंत मी हा वाक्प्रचार किमान शंभरदा लिहिला असेल, पण त्यात एक लाकूड आहे आणि ते तिरपं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींचं खरं काम सेंट्रिंगचं. स्लॅब भरण्याआधी खाली फळ्या आणि टेकूंचा जो मांडव उभा करतात, ते सेंट्रिंग. तरुणपणी ते आखातात गेले आणि बरीच वर्षं तेच काम करून परत आले. तिथला फोरमन गोरा होता, त्याला हिंदी येत नव्हतं आणि यांना इंग्रजी. फोरमन ओरडायचा ‘प्रॉप’, की हे उभा टेकू उचलायचे. ‘ब्रेस’ म्हटलं की आडवी-तिरपी पट्टी ठोकायचे. चुकीचं सामान उचललं की शिव्या मिळायच्या, त्यामुळे शब्द पक्के झाले. शिव्याही झाल्या, पण त्या ते फक्त हौसाकाकू देवळात गेल्यावर म्हणून दाखवायचे. हौसाकाकू म्हणजे त्यांच्या मंडळी.

परत आल्यावर त्यांनी सहज म्हणून इंग्रजी पेपर हातात घेतला आणि त्यांना धक्का बसला. पेपर सगळा सेंट्रिंगच्या सामानाने भरलेला! कुणी सरकारला प्रॉप लावतंय, कुणी कायद्याखाली अंडरपिनिंग करतंय, कुणी दोस्ती सिमेंट करतंय, गारठ्यासाठी सगळा देश ब्रेस होतोय.

“सायेब लोकांनी आमचं सामान उचलून नेलंय, सर,” ते मला म्हणाले. “सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देत्यात. यांनी कुनाला इचारलं न्हाई का भाडं दिलं न्हाई. बरं, नेलं तर नेलं, पन वापरत्यात बी चुकीचं. बँक पायातनं खचली असंल तर शोअर लावून काय उपेग? तिथं अंडरपिन पायजे, पायाखालनं आधार.”

मी म्हणालो, आपल्याकडेही हेच आहे की. सरकारला अपक्षांचा टेकू असतो, बोलण्याला पुस्ती जोडतात. पुस्ती म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेला दगडी आधार. मिस्त्री खूश झाले. “म्हंजी पुढारी हितलं का तिथलं, सामान आमचंच,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. पूर्वी तिच्यात कामाची मापं लिहायचे, आता शब्द लिहीत. शब्दाच्या पुढे अर्थ नसायचा. तिथे दोनच गोष्टी असायच्या, आधी काय पडत होतं आणि टेकू कुठे लावला. बळकटीच्या प्रत्येक शब्दामागे काहीतरी पडणारं असतं, ते सापडल्याशिवाय शब्द कळला असं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. मी कुठलाही वाक्प्रचार टाकला की चपटी पेन्सिल कानावरून खाली यायची आणि प्रश्न यायचा, “आदी काय पडत हुतं?”

आता ते नेहमी बरोबर असायचे असं नाही. शोअर म्हणजे समुद्रकिनारा, आणि किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या जहाजाला टेकू देतात म्हणून हा शब्द, असं त्यांचं ठाम मत होतं. मी कोश काढला. टेकू बरोबर होता, जहाज बरोबर होतं, पण किनाऱ्याचा शोअर आणि टेकूचा शोअर हे दोन वेगळे शब्द निघाले. मी ते मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, “ह्या डिक्शनरीवाल्यानं गोदी बघितली का?” नाही म्हटल्यावर त्यांनी वहीत काहीही खोडलं नाही.

पण ‘ब्रेस’चं मूळ मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कोशात लिहिलं होतं, की तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा पहिला अर्थ दोन बाहू. मिस्त्रींनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले. मग छातीवर आडवे घेऊन आपलेच खांदे धरले.

“म्हंजी मिठी,” ते म्हणाले. “आयला! म्हंजी जल्मभर मी लाकडांना मिठ्या मारायला लावल्या.”

त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी हे हौसाकाकूंना सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे रागाने बघत होत्या. “सर, ह्यांला काय बी शिकवू नका या वयात,” एवढंच म्हणाल्या.

काकूंची खरी तक्रार पडवीची होती. मिस्त्रींच्या स्वतःच्या घराची पडवी एका बाजूने झुकली होती आणि तिला एक तात्पुरता टेकू लावलेला होता. तात्पुरता म्हणजे चार वर्षांपूर्वीचा. काकू त्याच्यावर ओली फडकी वाळत घालायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, “साऱ्या दुनियेला टेकू लावत्यात, घरचं बघायला येळ न्हाई.”

मी एकदा त्यांना नववीच्या वर्गावर बोलावलं. ते मंडपवाल्याकडून एक लोड, दोन कळक आणि दोरखंड घेऊन आले. मुख्याध्यापक दारातच उभे राहिले. मिस्त्रींनी वर्गातल्या सगळ्यात लाजाळू पोराला सतरंजीवर बसवलं आणि नाव विचारलं. तो पुटपुटला. मग त्याच्या पाठीमागे लोड ठेवला, रेलायला लावलं आणि पुन्हा विचारलं. पोराने पाटलाच्या थाटात नाव सांगितलं, वर्ग हसला.

“मानूस तोच, मागं लोड आला,” मिस्त्री म्हणाले. “ह्या लोडाला इंग्लिशमधी बोल्स्टर म्हंत्यात. आता पेपरात ‘बोल्स्टर’ दिसलं, की बघायचं कोन रेलून बसलंय.”

मग ‘बॅटन डाऊन द हॅचेस’. मी ते जहाज, लाटा, तळघराची झाकणं असं शिकवायचो, आणि समुद्र कधीच न पाहिलेली मुलं माझ्याकडे बघत राहायची. मिस्त्रींनी विचारलं, “कांद्याची ट्रॉली भरली, आनि वळवाचं आभाळ आलं. काय करता?” सगळा वर्ग ओरडला, ताडपत्री! “नुसती ताडपत्री वाऱ्यानं उडंल. तिच्यावर काय?” फळ्या, दांडकी! “झालं मग. जहाजावरचे लोक बी तेच करत्यात. कांद्याच्या जागी त्यांचा माल.” वार्षिक परीक्षेत हा प्रश्न आलाच नाही, पण गावातली ती पोरं आजही कांदा झाकताना ‘बॅटन डाऊन’ ओरडतात असं ऐकतो.

तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन हा भाग कोणत्या घटकात येतो ते विचारलं. मी ‘पूरक वाचन’ असं सांगून वेळ मारून नेली.

मिस्त्रींची एक सवय मात्र मला अजिबात झेपत नव्हती. गावच्या व्यायामशाळेचा स्लॅब त्यांनी भरला होता. काँक्रीट घट्ट व्हायचे दिवस पुरे झाल्यावर सेंट्रिंग खोलायचं ठरलं आणि मी बघायला गेलो. पोरं एकेक टेकू घणाने ठोकून काढत होती. शेवटचा टेकू राहिला तेव्हा मिस्त्री सगळ्यांना बाहेर काढून स्वतः आत गेले, चहाचा ग्लास घेऊन स्लॅबच्या बरोबर मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “हान!” घण पडला, टेकू कोसळला, धूळ उडाली, आणि मी दारापासून वीस पावलं लांब पळालेला होतो. मिस्त्री चहा पीत होते.

“हा काय वेडेपणा?” मी म्हणालो.

“येडेपना कसला? ज्यानं लावलं त्यानं खाली उभं ऱ्हायचं. न्हाईतर लोकांनी त्याच्याखाली का झोपावं?”

आता सविताबद्दल सांगायला हवं, कारण मिस्त्रींची सगळी विद्या तिच्यासाठी पणाला लागली.

सविता त्यांची सून. बी.एस्सी. झालेली, हुशार, कामाला वाघ. मुलगा टेम्पोवर, आठवड्यातून चार दिवस बाहेर. ती सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला कंत्राटावर जायची. कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर एक कायमची जागा निघाली. काम तिला तोंडपाठ होतं, पण त्या टेबलाला परदेशातली माणसं तपासणीला येतात, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. मुलाखतही इंग्रजीतच. आणि इंग्रजीत कुणी “नाव काय” विचारलं तरी सविताची जीभ टाळ्याला चिकटायची.

ती माझ्याकडे आली. मी काय करावं? मी तिला ‘मुलाखतीसाठी उपयुक्त वाक्प्रचार’ अशी सुबक यादी काढून दिली, अर्थासहित. तिने ती पोळ्या लाटताना पाठ केली. मुलाखतीत तिला विचारलं, काम अवघड आहे, कसं कराल? तिने श्वास घेतला आणि एका दमात सांगितलं, “सर, आय विल गर्ड अप माय लॉइन्स, बाईट द बुलेट अँड लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड.” म्हणजे कंबर कसली, गोळी चावली आणि एकही दगड उलटायचा ठेवला नाही. साहेब लोक हसायला लागले. एकाने विचारलं, “कुठला दगड?” त्यानंतर तिला तिचं गावही सांगता आलं नाही.

ती घरी येऊन भांडी घासायला बसली. गोष्ट मात्र तिच्या आधी गावात पोचली होती. तिच्याबरोबरच्या बायका बसमध्ये एकमेकींना ‘दगड उलटला का गं?’ विचारून हसायच्या. सविता पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसायची.

मिस्त्री माझ्या खोलीवर आले. हातात माझी यादी होती. “सर, हे तुमी दिलं?”

“हो.”

“खाली सेंट्रिंग न लावता स्लॅब भरला तुमी.”

ते रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्त लागलं. मला खरोखर लाज वाटली. इतके दिवस मी मुलांच्या डोक्यावर असाच माल ओतत आलो होतो.

काही महिन्यांनी तीच जागा पुन्हा निघाली, घेतलेला मुलगा सोडून गेला म्हणून. सविताला सांगण्यात आलं, की आतल्या माणसांना ही शेवटची संधी, नंतर बाहेरून भरू. आणि तिचं कंत्राटही दिवाळीला संपत होतं. म्हणजे आता जमलं नाही तर पुन्हा घरी. ती अर्ज करायला तयार नव्हती. मिस्त्रींनी अर्ज आणून तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, “सविता, काय पडतंय ते मला सांग. इंग्लिश पडतंय?”

तिने अर्ज उलटा करून ठेवला. मग म्हणाली, “इंग्लिश नाही मामा. ते परत हसतील, त्याची भीती वाटते. आणि इथं बसमध्ये परत तेच.”

“मग टेकू इंग्लिशला नगं. तिथं लावू,” मिस्त्री म्हणाले.

पडवीत शाळा भरली. मला फक्त क्रियापदं तपासायची परवानगी होती. वाक्प्रचारांना सक्त मनाई. मिस्त्रींनी तिला कंपनीतून फेकलेली खोकी, झाकणं, पट्ट्या आणायला लावल्या. एकेक वस्तू हातात धरायची, तिच्यात काय बिघाड आहे ते आधी मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत. हे झाकण सैल आहे. ही पट्टी वाकडी बसली आहे. हे मी पास करणार नाही. हातात वस्तू असली की सविताची जीभ सुटते, हे आमच्या दोघांच्याही आधी काकूंच्या लक्षात आलं. “झाकन दिलं की बोलती, काढलं की गप,” त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

शिवाय मिस्त्रींनी जुन्या कॅलेंडरची कार्डं कापून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर चपट्या पेन्सिलीने बारा उत्तरं लिहिली आणि पडवीच्या खांबांना ओळीने चिकटवली. नाव-गावापासून आभारापर्यंत. सविता रोज त्या ओळीवरून चालत बोलायची. पंधरवड्याने तिला ते बिनचूक जमायला लागलं आणि मी म्हणालो, आता झालं.

“आता तर खोलायचंय,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी सहावं कार्ड काढून घडी करून खिशात टाकलं.

मी म्हटलं, अहो, मधलंच कशाला? सोपी आहेत ती कडेची आधी काढा.

“स्लॅब मधून खोलत्यात, सर. कडा भिंतीवर टेकलेल्या असत्यात. मधला टेकू काढला की स्लॅब हळूच आपला भार कडंला द्यायला शिकतो. कडंचं आदी काढलं तर समदं वजन मधल्या एका टेकूवर येतं आनि स्लॅब तिथंच फाटतो.”

दुसऱ्या दिवशी सविता पाचव्यावरून सातव्यावर जाताना अडखळली, मग तिने मधली जागा स्वतःच्या वाक्याने भरली. व्याकरण लंगडं होतं. मी तोंड उघडणार तोच मिस्त्रींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग सातवं गेलं, मग पाचवं, असं करत करत दोन्ही टोकांची दोनच कार्डं उरली. नाव-गाव आणि आभार. मग तीही गेली.

मुलाखत गुरुवारी होती. बुधवारी शाळा सुटल्यावर मी फाट्यावर आलो तर सलूनपुढे घोळका. मधोमध मिस्त्री, हातात पेढ्यांचा पुडा. “घ्या, घ्या. सून क्वालिटीत लागली!”

मी त्यांना बाजूला ओढलं. “मिस्त्री, मुलाखत उद्या आहे!”

“ठावं हाय की.”

सलूनवाल्याने पेढा तोंडात टाकत विचारलं, “बाबा, न्हाई झालं तर पेढं वापस द्यायचं का?” घोळका हसला. मिस्त्रीही हसले आणि बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या हातावर एकेक पेढा ठेवत गेले. ‘दगड उलटला का’ विचारणाऱ्या त्याच बायका.

सविता शेवटी उतरली. तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. “मामा, हे काय केलं तुम्ही? उद्या नाही झालं तर सगळं गाव हसेल.”

“हसंल की. मला हसंल. पेढं मी वाटलं, तू न्हाई.” त्यांनी पुड्यातला उरलेला पेढा तिच्या हातावर ठेवला. “पडलं तर माझ्या डोक्यात पडंल. तू तुजं बोल.”

सविता त्यांच्याकडे बघतच राहिली. मला तेव्हा व्यायामशाळा आठवली.

गुरुवारी मी रजा टाकली. मिस्त्रींना माझ्या मोटारसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही सविताच्या बसमागून कंपनीच्या गेटपर्यंत गेलो. गेटवर तिने विचारलं, “मामा, तुम्ही इथंच थांबाल ना?”

“न्हाई. च्या प्यायला चाललो,” मिस्त्री म्हणाले आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेले. ती क्षणभर उभी राहिली, पदर खोचला आणि आत गेली.

मी टपरीवर आलो तर मिस्त्री बाकावर नव्हते. टपरीच्या मागच्या बाजूला, गेटवरून दिसणार नाही अशा जागी ते उभे होते. दोन्ही हात छातीवर आडवे, आपलेच खांदे घट्ट धरलेले. चहा निवून साय धरली होती. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मला तो माणूस त्या क्षणी इतका आवडला, की डोळ्यांत पाणी आलं.

तासाभराने सविता आली. चालण्यावरून काही कळत नव्हतं.

“काय इचारलं?”

“कार्डातलं फक्त नाव विचारलं. बाकी सगळं दुसरंच.”

“मग?”

“मग एक झाकण होतं टेबलावर. ते मी उचललं. सैल होतं मामा. मी म्हटलं, सर, धिस इज लूज, हे कुणी पास केलं? मग ते विचारत गेले, मी सांगत गेले. काय बोलले ते आता आठवत पण नाही.” ती थांबली. “हसले ते. पण या वेळी मी पण हसले.”

माझ्यातला मास्तर काही केल्या मरेना. मी विचारलं, “एखादा तरी वाक्प्रचार आला का?”

“एकही नाही, सर.”

मी हिरमुसलो. मिस्त्री मात्र इतक्या जोरात हसले, की टपरीवाला दचकला. “आवो सर, घरात ऱ्हायला आल्यावर सेंट्रिंग कुनाला दिसतं व्हय?”

सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं. सलूनवाल्याने पेढे वापस करण्याऐवजी मिस्त्रींची दाढी फुकट केली.

पुढच्या वर्षी माझी बदली श्रीरामपूरकडे झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला मी मिस्त्रींच्या घरी गेलो, तर पडवी जागेवर नव्हती. तिथे नवी खोली उभी होती, सविताने बांधायला घेतलेली. स्लॅब भरून पुरेसे दिवस झाले होते आणि नेमकं तेव्हाच सेंट्रिंग खोलायचं चाललं होतं. काकूंची फडकी बाहेर दोरीवर वाळत होती.

शेवटचा टेकू राहिला. मिस्त्री चहाचा ग्लास घेऊन आत गेले. पाठोपाठ सविताही गेली. कंपनीत जायच्या तयारीत, गळ्यात ओळखपत्र.

“तू भाईर हो,” मिस्त्री म्हणाले.

“मामा, खोली मी बांधलीय. मीच खाली उभं राहायला पाहिजे ना?”

मिस्त्रींनी ग्लास खिडकीच्या कडेला ठेवला आणि सरकून तिला मधली जागा दिली.

“हान!” सविता म्हणाली.

घण पडला. टेकू लवंडला, धूळ उडाली आणि खाली बसली. वर काहीच झालं नाही. मी नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर होतो, पळायच्या बेतात. मिस्त्रींनी मान वर करून स्लॅब पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“या सर, आत या. काय बी पडत न्हाई.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो.